वॉल्टरचा कायदा

एका जिन्यात वर्षानुवर्षं राहिलं की किस्से आपोआप साचतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. परदेशातलं बिऱ्हाड मोडताना भांडीकुंडी वाटून टाकता येतात, पलंग शेजारणीला देता येतो. किस्से मात्र सामानात न बांधताही बरोबर येतात!

आमचे लुडविग्सहाफेनचे दिवस पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे. ह्यांची केमिस्ट्रीतली डॉक्टरेट झाली, तिथल्याच रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि आम्ही फ्राऊ वोल्फ यांच्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेलो. तळमजल्यावर त्या स्वतः, म्हणजे आमच्या घरमालकीण. आम्ही आपसात त्यांना वोल्फबाई म्हणायचो, आणि त्या ह्यांना हेर डॉक्टर म्हणायच्या. मधल्या मजल्यावर वॉल्टर आणि त्याची जर्मन बायको हिल्डे. बस, एवढाच आमचा गोतावळा.

अजूनही त्या काळातलं कुणी पुण्यात भेटलं की चहा गाळायच्या आत फर्माईश होते, "विमलताई, वॉल्टरचा एखादा सांगा ना!" मी सांगते. पहिले एकदोन ऐकून सगळे हसतात. पुढचे सांगताना मीच जरा थांबत थांबत सांगते.

*

आम्ही आधी आलो, वॉल्टर नंतर. तो आला त्या दिवशी वोल्फबाई दारात उभ्या राहून समोरच्या बेकरीवालीला ओरडून सांगत होत्या, "वर इंडर, मध्ये इंडियानर! माझं घर म्हणजे भूगोलाचं पुस्तक झालंय!"

जर्मनमध्ये आपण भारतातले ते इंडर, आणि अमेरिकेतले मूळचे लोक ते इंडियानर. वॉल्टर कॅनडाचा. पश्चिम किनाऱ्यावर, मोठी नदी समुद्राला मिळते तिथल्या त्सिमशियन लोकांपैकी. कॅनडाच्या सैन्यात मेकॅनिक म्हणून जर्मनीतल्या तळावर आला, हिल्डे भेटली, सैन्य सोडलं आणि ह्यांच्याच कारखान्यात पाइप दुरुस्तीच्या कामाला लागला. बुटका, खांद्याला रुंद, बोलणं हळू. आमच्याशी इंग्रजी, बाकीच्यांशी तिथलं गावठी जर्मन.

फाशिंगचा सण आला. त्या दिवशी मुलं सोंगं घेऊन हिंडतात, आणि निम्मी मुलं डोक्याला पिसं लावून इंडियानर होतात. गल्लीतली सगळी फौज वॉल्टरच्या दारात! खराखुरा इंडियानर बघायला.

"तुमचा घोडा कुठाय?"

"घोडा?" वॉल्टर म्हणाला. "मी जन्मात घोड्यावर बसलो नाही. आमच्याकडे बोटी असतात. घोडा बोटीत कुठे बसवू?"

त्यातल्या एकाचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे तुम्ही खरे नाही!" असं म्हणून तो भोकाड पसरून पळाला.

संध्याकाळी वॉल्टर वर आमच्याकडे आला. म्हणाला, "आज एका पोरानं मला खोटा ठरवलं. आमच्या सरकारनंही कागदोपत्री तेच केलं होतं. पण हा पोरगा बरा. निदान रडला तरी!"

*

वोल्फबाईंची हाउसऑर्डनुंग, म्हणजे घराची नियमावली, जिन्यात फ्रेम करून लावलेली होती. जिना कुणी कधी पुसायचा, बर्फ पडला की पायऱ्यांवर राख कुणी टाकायची, सगळं त्यात. एका हिवाळ्यात राख टाकायची पाळी वॉल्टरची होती, आणि त्याच पायऱ्यांवरून वॉल्टर घसरला! हातातली बटाट्यांची टोपली हवेत. बटाटे रस्त्यावर. मी खिडकीतून पाहिलं, वोल्फबाईंनी दारातून, पोस्टमननं आणि बेकरीवालीनं रस्त्यातून. सगळे पोट धरधरून हसलो.

वॉल्टर उठला, कपडे झटकले, आणि आत गेला.

पुढच्या रविवारी आम्हा सगळ्यांना जेवायचं आमंत्रण. पोस्टमनलासुद्धा! भरपूर मासे, भरपूर बटाटे. जेवण झाल्यावर त्यानं प्रत्येकाच्या हातात काहीतरी ठेवलं. कुणाला कॉफीचं पाकीट, कुणाला संत्री, मला लोकरी मोजे.

"वाढदिवस आहे का?" वोल्फबाईंनी हिल्डेला हळूच विचारलं.

वॉल्टर उभा राहिला. "त्या दिवशी मी एकटा पडलो नाही. माझ्याकडे एक नाव आहे. माझ्या आईच्या भावानं दिलेलं. माझ्या आधी आमच्या घराण्यातल्या किती जणांनी ते वागवलं. मी पडलो तेव्हा तेही पडलं, आणि ते तुम्ही पाहिलंत. आता तुम्ही माझ्याकडे जेवलात, माझ्या हातचं घेतलंत. ते नाव धुतलं गेलं. यापुढे ह्या विषयावर कुणी बोलायचं नाही."

"आणि बोललं तर?" पोस्टमननं विचारलं.

"तर त्यानं सगळ्यांना जेवायला घालायचं."

वोल्फबाई खूश! "आल्झो, म्हणजे ह्या माणसाला नियम कळतात!"

महिन्याभरात त्याच बाई जिन्यात म्हणाल्या, "हेर वॉल्टर, जपून हं, नाहीतर पुन्हा..." आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. रविवारी सगळ्यांना सफरचंदाचा केक. परीक्षेला बसल्यासारख्या चेहऱ्यानं प्रत्येकाच्या बशीत त्यांनी स्वतः वाढला.

त्यानंतर आमच्या घरात त्या पडण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी आत्ता सांगितलं, म्हणजे तुम्हा सगळ्यांना जेवायला घालणं आलं!

ते नाव काय होतं? त्यानं आम्हाला एकदा सांगितलं होतं. पण ते त्याच्या घराण्याचं आहे, मी कशी सांगणार?

*

हे नाव त्याला कसं मिळालं, तेही ऐकण्यासारखं आहे.

त्यांच्याकडे लग्न असो, मयत असो, कुणाला नाव द्यायचं असो, मोठी जेवणावळ घालायची आणि सगळ्यांसमोर ते जाहीर करायचं. जे जेवले, ज्यांनी भेट घेतली, ते साक्षीदार. कागद नाही, शिक्का नाही. त्या माणसांच्या आठवणीत कायदा. पण सरकारनं ह्या जेवणावळींवरच बंदी घातली होती. वॉल्टर मोठा झाला तो बंदीतच.

मग लोकांनी काय केलं? नाताळात चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं. झाड सजवलं, मेणबत्त्या लावल्या, आणि मधेच मामानं उठून पोराला नाव दिलं. तेवढ्यात तपासणीला पोलीस आला!

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्यालाही बसवलं. सामन मासा वाढला. जाताना भेट म्हणून केक दिला," वॉल्टर म्हणाला. "त्यानं खाल्लं, घेतलं. झाला साक्षीदार! माझ्या नावाबद्दल कधी तंटा झालाच असता, तर आम्ही आधी त्याला बोलावलं असतं."

*

कुठल्याशा विद्यापीठातले एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले. ते यंत्र सुटकेसएवढं. वोल्फबाईंनी आपल्या बैठकीच्या खोलीत नवा टेबलक्लॉथ घातला. प्राध्यापकांना त्सिमशियन लोकांच्या जुन्या कथा हव्या होत्या. पूर आला तेव्हा लोक कुठे गेले, कुठल्या नदीवर कोण आधी आलं, असल्या.

"ती कथा माझ्या वडिलांच्या घराण्याची आहे," वॉल्टर म्हणाला. "मला सांगता येणार नाही."

"बरं, मग ही दुसरी?"

"ती माझ्या मामाच्या घराण्याची. म्हणजे माझीही. पण ती सांगायचा हक्क मामाचा. तो हो म्हणाला तर सांगेन."

"म्हातारी माणसं जातायत हो! आणि तुम्हाला ती माहीत आहे ना?" प्राध्यापक कळवळून म्हणाले.

"फ्राऊ वोल्फ घराची जादा किल्ली कुठे ठेवतात, तेही मला माहीत आहे," वॉल्टर म्हणाला.

वोल्फबाईंना त्या बिचाऱ्यांची दया आली. एवढ्या लांबून आले, रिकाम्या हातानं कसे जाणार? त्यांनी जिन्यातली फ्रेम काढून आणली आणि माइकसमोर पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत हाउसऑर्डनुंग वाचून दाखवली! ती टेप अजून कुठल्या तरी कपाटात असेल.

ते गेल्यावर आम्ही हसत होतो. वॉल्टर हसला नाही. म्हणाला, "एक गोष्ट तो बरोबर बोलला. म्हातारी माणसं जातायत. आमच्याकडे एकजण कथा सांगतो आणि खोलीभर माणसं ऐकतात. चुकलं तर तिथल्या तिथे टोकतात. इथे मी मनातल्या मनात म्हणतो. चुकलं तर मला कोण टोकणार?"

*

हिल्डेला दिवस गेले. आम्हाला आनंद, आणि वॉल्टरचं तोंड उतरलेलं. शेवटी मी विचारलंच.

"आमच्याकडे मूल आईचं," तो म्हणाला. "आईचं कूळ ते मुलाचं कूळ. मी देवमाशाच्या कुळातला, कारण माझी आई त्या कुळातली. माझं मूल माझ्या कुळात येत नाही. हिल्डे कुठल्याच कुळात नाही. तिच्या माहेरच्यांनी आमच्या लग्नावरून तिला तोडलंय. मग मुलाच्या पाठीशी कोण? नाव कोण देणार?"

तिकडे असतं, तर दुसऱ्या एखाद्या कुळातल्या घरानं हिल्डेला बहीण मानून आपलं केलं असतं. इकडे कोण करणार?

मी म्हटलं, "आमच्याकडे आईच्या भावाला मामा म्हणतात. मुलाचं काही असलं की मामाच पुढे."

"मामा," त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग हे कामावरून येईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरातच बसून राहिला. हे आल्याबरोबर उभा राहून म्हणाला, "सबनीस, तू हिल्डेचा भाऊ होशील का?"

"अरे, आहेच!" हे कोट काढता काढता म्हणाले.

"इतक्या पटकन हो म्हणू नकोस. मुलाला तुझ्या घराण्यातलं नाव द्यावं लागेल. ते आज कुणाकडे आहे, ते द्यायला कुणाची परवानगी लागते, ते बघावं लागेल. आणि जन्मभर निभावावं लागेल."

हे बसले. मग म्हणाले, "माझी एक बहीण होती. सुमन. चार वर्षांची असताना तापानं गेली. ते नाव तसंच पडून आहे."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ह्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

परवानगी सासूबाईंची. त्यांना सगळं कळवलं. महिन्यानं त्यांचं उत्तर आलं, "दे. पण पोर रडली की लगेच उचलून घ्या म्हणावं. आपली सुमन फार रडायची."

मुलगीच झाली. चर्चमध्ये रेनाटे, आणि आमच्याकडे सुमन. पाळणा म्हणून वोल्फबाईंची कपड्यांची वेताची टोपली. आपल्याकडे आत्या नाव ठेवते, पण वॉल्टरच्या कायद्यात आईची बाजू. तेव्हा ह्यांनीच मुलीच्या कानात कुर्र केलं, आणि तिथेच सगळ्यांसमोर रडले.

*

त्याच बारशाचा पुढचा भाग.

हिल्डेचा सख्खा भाऊ कार्ल द्राक्षमळ्यांच्या गावात राहायचा. त्यानंच बहिणीला तोडलं होतं. त्याला कुठून तरी कळलं, की आपल्या बहिणीनं एका इंडरला भाऊ केलंय. आम्ही पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटत होतो, आणि हा दाणदाण जिना चढून आला. आला तो सरळ ह्यांच्या कॉलरलाच हात! "हिचा भाऊ मी! तू कोण?"

हे हडकुळे. त्यांचे पाय जिन्यावरून सुटायची वेळ आली. हिल्डे किंचाळली. आणि वॉल्टर, त्या दोघांच्या मधे पडायचं सोडून, खाली पळाला!

मला वाटलं, गेला हा पळून. तर तो वोल्फबाईंच्या पलंगावरची भलीमोठी पिसांची उशी घेऊन आला. खिशातला चाकू काढला, उशी टर्रकन फाडली आणि दोघांच्या डोक्यावर उपडी केली.

सगळा जिना पांढरा! कार्लच्या केसांत, तोंडात, ह्यांच्या चष्म्यावर पिसंच पिसं.

"हे पडलं की हात उचलायचा नाही," वॉल्टर जर्मनमध्ये म्हणाला, नेहमीच्याच हळू आवाजात. "आता जो उचलेल, तो सगळ्या घरावर उचलेल."

"ती माझी उशी आहे!" खालून वोल्फबाई.

"गेनाऊ, अगदी बरोबर, तांते," वॉल्टर म्हणाला. वोल्फबाईंना तो तांतेच म्हणायचा. "खरं तर गरुडाची पिसं लागतात. तुमच्याकडे बदकाचीच होती."

कार्लनं कॉलर सोडली. तो पायरीवर बसला, तोंडातली पिसं काढायला लागला, आणि काढता काढता हुंदके द्यायला लागला. त्याचे दोन भाऊ युद्धात गेले होते. "आपण दोघंच उरलो होतो," तो हिल्डेला म्हणाला. "आणि तूही गेलीस." हिल्डे त्याच्या शेजारी बसून त्याच्या केसांतली पिसं एकेक करून काढत राहिली. आम्ही सगळे आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

रात्री जेवताना वॉल्टर गंभीर. "पिसं उधळायचा हक्क मला नाही. तो मामाचा. त्याला कळवावं लागेल." आपल्या मामालाही तो आता आमच्यासारखं 'मामा'च म्हणायचा.

मामांचा निरोप आला, "केलंस ते ठीक. बाईंना नवी उशी घेऊन दे."

*

मग ते मामाच गेले. तार आली तेव्हा वॉल्टर जिना पुसत होता. त्यानं तार वाचली, खिशात घातली आणि उरलेल्या पायऱ्या पुसून पूर्ण केल्या.

मामाचं नाव भाच्याकडे. आणि भाच्यांत वॉल्टर थोरला. नाव घेणं म्हणजे नुसती हाक नव्हे. त्या नावाबरोबर एक ओढा येतो, मासे धरायची जागा येते, घराण्यातली सगळी माणसं येतात. ते रिकामं पडू द्यायचं नाही, आणि तिथे राहूनच सांभाळायचं.

हिल्डेनं पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, "आपण जाऊ. रेनाटे तिथेही वाढेल."

वॉल्टर रोज कामानंतर ऱ्हाइनवर जाऊन मालवाहू बोटी बघत बसायचा. एका रविवारी त्यानं सांगितलं, "मी घेत नाही. मावसभाऊ घेईल." हिल्डेला वाटलं, आपल्यासाठी सोडलं. तिनं ते मनाला लावून घेतलं.

खरं कारण फक्त ह्यांना माहीत होतं. हिल्डेचा भाऊ म्हणून वॉल्टरनं ते ह्यांनाच सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या हृदयात दोष आहे म्हणून सांगितलं होतं. फार दिवस नाहीत. "लगेच खाली पडणार अशा खांद्यावर नाव ठेवत नाहीत," तो म्हणाला होता. "घराण्यानं लागोपाठ दोनदा का रडायचं?" ह्यांनी मलासुद्धा त्या वेळी काही कळू दिलं नाही.

तिकडच्या जेवणावळीची संध्याकाळ म्हणजे जर्मनीतली पहाट. वॉल्टर सूट घालून आमच्या दारात उभा. वोल्फबाईंनाही वर बोलावलं. त्यानं स्वतः मासे तळले, आम्हाला खाऊ घातलं. मग म्हणाला, "तिकडे आत्ता नाव देतायत. ज्याचा हक्क होता त्यानं राजीखुशीनं सोडला, हे कुणीतरी पाहायला हवं ना?"

तो उभा राहिला. मामाचं नाव त्यानं मोठ्यानं घेतलं. "हे माझ्याकडे येत होतं. मी ते पुढे जाऊ देतो." आणि खाली बसला. आम्हाला प्रत्येकी एक रुमाल दिला.

खाली जाऊन वोल्फबाईंनी त्या दिवशी सगळा जिना झाडून काढला. पाळी त्यांची नव्हती.

*

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, कामावर जायला बूट घालता घालता वॉल्टर गेला. एक बूट पायात, एक हातात.

हिल्डे दगडासारखी बसून. सुमन आमच्याकडे. ह्यांनी वोल्फबाईंना म्हटलं, "शवपेटी उचलायला आता कुणाला तरी पैसे देऊन बोलवावं लागेल."

"नाइन! मुळीच नाही!" वोल्फबाई म्हणाल्या. "ते काम माझं आहे."

आम्हाला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग त्यांनी सांगितलं. वोल्फ म्हणजे लांडगा. वॉल्टरच्या वडिलांचं कूळ लांडग्याचं. घर बघायला आला तेव्हा दारावरची पाटी वाचून तो खुदकन हसला होता, आणि तेव्हापासून त्यांना तांते, म्हणजे आत्या म्हणायचा. त्यांच्या कायद्यात मेलेल्या माणसाचं सगळं काम वडिलांची बाजू करते. पेटी बनवणं, उचलणं, मातीत ठेवणं. "तो मला म्हणायचा, तांते, मी गेलो की काम तुमचं. मी हसण्यावारी न्यायची."

उचलायला सहाजण हवेत. त्यांचा एक दीर होता, एक पुतण्या. बाकीचे कुठून आणणार? बाईंनी टेलिफोनचं पुस्तक काढलं. त्यात वोल्फ पानभर! एकेकाला फोन लावून त्या विचारत होत्या, "तुमचं नाव वोल्फ ना? माझं पण. शुक्रवारी सकाळी जरा काम होतं."

काहींनी फोन आपटला. पण चारजण आले. एक न्हावी, एक शाळामास्तर, दोघं गोदीतले हमाल. त्यांनी वॉल्टरला कधी पाहिलंही नव्हतं. काळे कोट घालून आले आणि टोप्या काढून उभे राहिले.

कब्रस्तानातल्या कारकुनानं सहाजणांची नावं लिहून घेतली. वोल्फ, वोल्फ, वोल्फ... त्यानं मान वर केली. "सगळे नातेवाईक?"

"हो," वोल्फबाई म्हणाल्या. "वडिलांकडून."

*

त्या उन्हाळ्यात वॉल्टरचा मावसभाऊ आला. पंचविशीचा पोरगा, मासेमारीच्या बोटीवर काम करणारा. अंगावर नवा कोट, हातात जड खोकं. मामांचं नाव आता ह्याच्याकडे होतं. चेहरा अगदी कोवळा, पण तो आत आला तेव्हा हिल्डे उठून उभी राहिली, आणि तिला बघून आम्हीही.

"काम कुणी केलं?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

वोल्फबाईंनी सहाही वोल्फ पुन्हा गोळा केले. त्यानं सगळ्यांना जेवायला घातलं, प्रत्येकाला लोकरी ब्लँकेट दिलं आणि बरणीत घातलेला सामन दिला. न्हावी आणि शाळामास्तर एकमेकांकडे बघत राहिले, पण घेतलं.

मग आम्ही चौघं कबरीवर गेलो. तो, वोल्फबाई, हे आणि मी. हिल्डेनं त्याला आधी एकट्यानं जाऊ द्या म्हटलं होतं, पण तो म्हणाला, ऐकायला माणसं हवीत. ती सुमनला घेऊन फाटकापाशी थांबली. तो इंग्रजीत बोलणार, आणि वोल्फबाईंसाठी हे जर्मनमध्ये सांगणार, असं ठरलं.

तो कबरीसमोर उभा राहिला. हॅट काढली.

"तू सहा वर्षांचा होतास," तो म्हणाला. "सरकारच्या निवासी शाळेची बोट मुलांना न्यायला धक्क्याला लागली होती. तू माझ्या कोटाला धरून उभा होतास. मी तुझी बोटं सोडवली."

हे जर्मनमध्ये सांगायला लागले, "वॉल्टर सहा वर्षांचा होता. त्याच्या मामांनी त्याची बोटं..."

"मामांनी नाही," तो ह्यांना थांबवत म्हणाला. "मी 'मी' म्हणालो. त्यांचं नाव माझ्याकडे आहे. 'मी'च म्हणा."

हे त्याच्याकडे बघत राहिले. वॉल्टर सहा वर्षांचा होता तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. मग ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "मी तुझी बोटं सोडवली."

"सरकारी माणसं म्हणाली, मूल दिलं नाही तर पोलीस येईल. मी तुला बोटीत बसवलं. तू ओरडत होतास. मी धक्क्यावर उभा राहिलो. बोट थांबवली नाही."

"मी बोट थांबवली नाही," हे म्हणाले.

"तू परत आलास तेव्हा आपल्या भाषेत अडखळत बोलायचास. माझ्यासमोर कमीच बोलायचास. मी तुला नाव दिलं, मासे धरायला शिकवलं, सगळं केलं. पण त्या दिवसाबद्दल तुझ्याशी कधी बोललो नाही. ते बोलायला आलोय."

ह्यांनी शेवटपर्यंत सांगितलं, सगळं 'मी' म्हणून.

वोल्फबाई वाकून कबरीवरची वाळलेली पानं वेचत होत्या. त्या कमरेवर हात ठेवून सावकाश उभ्या राहिल्या, आणि त्या पंचविशीच्या पोराच्या डोळ्यांत सरळ बघून, आपल्याहून वयानं मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "हेर डॉक्टर, त्यांना सांगा, मुलगा चांगला निघाला."